रिपोर्ट नॉर्मल, तरी चेहरा दुखतोच : मेंदूच्या चित्रांतून काय कळलं?

पाऊलवाट

ट्रायजेमिनल न्युराल्जिया (चेहऱ्याच्या नसेतून विजेसारख्या कळा येण्याचा आजार) झालेल्या माणसाला एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं : "रिपोर्टमध्ये तर काहीच नाही." माझ्या आत्याने ते इतक्या जणांकडून ऐकलं, की कळ आली तरी ती बोलेनाशी झाली. नुसती डोळे मिटून बसायची, हात गालापासून वीतभर लांब धरून. गाल दाबून धरायचीही सोय नव्हती, कारण हात लागला की पुढची कळ.

मी शरीरक्रियाविज्ञान शिकवते. चेहऱ्याची वेदना मेंदूपर्यंत कशी पोचते, ते दर वर्षी फळ्यावर काढून दाखवते. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जिवंत, जाग्या माणसांच्या मेंदूची चित्रं घेऊन या वाटेबद्दल बरंच काही कळलं आहे आणि ते मराठीत सलग वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. लांबला आहे, सवडीने वाचा. कुणाला माहिती असेल तर भर घाला.

आधी ही वाट कशी आहे ते बघू. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी पाचवी जोडी ट्रायजेमिनल, चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला एक. तिच्या तीन शाखा. पहिली कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ आणि वरचे दात यांच्याकडे, तिसरी खालचा जबडा, खालचे दात आणि हनुवटीकडे. तिन्ही शाखा कवटीच्या तळाशी एका गाठीत एकत्र येतात, तिला गॅसेरियन गँग्लियन म्हणतात. तिथून नस ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठात, शिरते. पण वेदनेचे तंतू लगेच वर जात नाहीत. ते आधी खाली उतरतात, थेट मानेच्या वरच्या टोकापर्यंत. तिथे स्पायनल ट्रायजेमिनल न्यूक्लिअस नावाचं लांबट केंद्र आहे. त्यातल्या पेशी संदेश घेतात, त्यांचे तंतू मध्यरेषा ओलांडून पलीकडे जातात आणि मग मेंदूच्या मध्यावरच्या थॅलॅमस या संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्राकडे चढतात. थॅलॅमसमधून पुढे मेंदूच्या पृष्ठभागावरचं संवेदनक्षेत्र, तसंच मेंदूच्या आतल्या घड्यांमधले इन्सुला आणि सिंग्युलेटचा पुढचा भाग इथपर्यंत वाट जाते. ढोबळमानाने बोलायचं तर कुठे दुखतंय आणि किती, हे संवेदनक्षेत्र सांगतं, आणि ते किती असह्य आहे याच्याशी इन्सुला आणि सिंग्युलेटचा जास्त संबंध. प्रत्यक्षात ही कामं इतकी काटेकोर वाटलेली नाहीत.

त्या लांबट केंद्रात मानेच्या वरच्या तीन नसांचे तंतूही येऊन मिळतात. मान आखडली की कपाळ आणि डोळ्यामागे दुखतं, त्याचं एक मोठं कारण हे.

हे सगळं पूर्वी शवविच्छेदनातून आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांतून माहीत होतं. जिवंत माणसात ते बघायची सोय झाली ती एफएमआरआयमुळे. हे तंत्र मज्जापेशींचं काम थेट बघत नाही, हे आधीच सांगते. एखादा भाग कामाला लागला की तिथे ऑक्सिजनयुक्त रक्त जास्त येतं आणि त्यामुळे चुंबकीय संकेत किंचित बदलतो, तो बदल मोजतात. घराबाहेरचा वीजमीटर जोरात फिरताना दिसला की आत काहीतरी चालू आहे एवढं कळतं, तसंच हे. शिवाय रक्त यायला वेळ लागतो. संकेत शिखरावर पोचेपर्यंत पाच-सहा सेकंद जातात. न्युराल्जियाची कळ तोवर येऊन गेलेलीही असते.

तरीही पहिलं मोठं काम लवकर झालं. २००२ मध्ये अॅलेक्स डासिल्व्हा, डेव्हिड बोर्सुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या कपाळावर, गालावर आणि जबड्यावर ४६ अंश सेल्सिअसचा चटका देत स्कॅन केले. तिन्ही जागांचा संदेश ब्रेनस्टेमपासून संवेदनक्षेत्रापर्यंत आपापल्या ठरलेल्या ठिकाणी उमटतो, हे त्यांना दिसलं. पुढच्याच वर्षी याच गटाने गॅसेरियन गँग्लियनमधली हालचाल टिपली, मऊ ब्रशचा स्पर्श आणि चटका दोन्हींची. एवढ्याशा गाठीतून, तेही कवटीच्या तळाशी हाडं आणि रक्तवाहिन्यांच्या गर्दीत, संकेत मिळवणं सोपं नव्हतं. मला आजही त्या कामाचं फार कौतुक वाटतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग. पायाला ठेच लागली तर माणूस कळवळतो, पण दाढ ठणकायला लागली की त्याला दुसरं काही सुचत नाही. चेहऱ्याचं दुखणं जास्त जिव्हारी का लागतं? २०१७ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या फॅन वांग यांच्या प्रयोगशाळेने उंदरांमध्ये एक थेट जोडणी दाखवली. चेहऱ्याच्या वेदनेचे काही तंतू मधल्या केंद्रात न थांबता सरळ ब्रेनस्टेममधल्या पॅराब्रेकियल केंद्रात जातात, आणि तिथून अॅमिग्डलासारख्या भीती आणि भावनांशी निगडित भागांकडे वाट आहे. पंजाच्या वेदनेला ही थेट वाट मिळालेली नाही, ती मज्जारज्जूत थांबून जाते. ही जोडणी प्रकाशाच्या साहाय्याने चालू केली की उंदीर ती जागा टाळायला लागत. माणसात तंतू असे एकेक करून मोजता येत नाहीत, त्यामुळे आपल्यातही अगदी तस्संच आहे असं मी म्हणणार नाही. पण चेहरा दुखणाऱ्या माणसाला "एवढं काय मनाला लावून घ्यायचं" म्हणण्याआधी हा प्रयोग आठवावा असं मला मनापासून वाटतं.

आणि मग आजार. ट्रायजेमिनल न्युराल्जियात बहुतेकदा एखादी धमनी, बऱ्याचदा सुपीरिअर सेरेबेलर, नसेच्या मुळाशी टेकलेली असते. वॉल्टर डँडी यांनी १९३४ मध्येच शस्त्रक्रिया करताना हे पाहून लिहून ठेवलं होतं, पण ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९६७ मध्ये पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शक वापरून नस आणि रक्तवाहिनी वेगळी करण्याची शस्त्रक्रिया मांडली. मुळाशी सतत ठोके बसून तंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजतं. उघडे पडलेले तंतू एकमेकांना चेतवू लागतात, स्पर्शाच्या तंतूतला संदेश वेदनेच्या तंतूत उडी मारतो. म्हणून दात घासणं, चेहरा धुणं, वाऱ्याची झुळूक, एक घास चावणं, एवढ्यानेही विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते.

नेहमीच्या एमआरआयमध्ये ही झीज दिसत नाही. टोरोंटोच्या डॅनिएल डिसूझा, मोजगान होदाई आणि कॅरन डेव्हिस यांनी डिफ्युजन इमेजिंग वापरलं. त्यात पाण्याचे रेणू कोणत्या दिशेने सरकतात त्यावरून तंतूंची शिस्त कळते. २०१४ मध्ये त्यांनी दाखवलं की दुखऱ्या बाजूच्या नसेची सूक्ष्म रचना बिघडलेली असते आणि मेंदूतल्या काही पांढऱ्या तंतुमार्गांतही फरक असतो.

म्हणजे "काहीच नाही" असं ज्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं, त्या तपासणीला ही गोष्ट दिसतच नव्हती. आत्याचं दुखणं पहिल्या दिवसापासून तिथेच होतं.

अबोली

फार छान लिहिलंय. एक साधा प्रश्न. मला मागे दाढ दुखत होती तेव्हा वरची दुखतेय की खालची हेच सांगता येत नव्हतं. कधी कान, कधी कानशील. एवढी ठरलेली ठिकाणं असतील तर मग हा गोंधळ का होतो?

दवबिंदू

@अबोली, मी दंतवैद्य आहे, हा प्रश्न माझ्याकडे रोज येतो. दातांच्या गाभ्यातून, जबड्याच्या सांध्यातून, स्नायूंमधून येणारे अनेक तंतू त्या लांबट केंद्रातल्या एकाच पेशीवर येऊन थांबतात. वरच्या मेंदूला त्या पेशीकडून संदेश मिळतो, पण तो मुळात कुठल्या तंतूने आणला ते कळत नाही. त्वचेच्या बाबतीत पेशींची वाटणी जास्त बारीक असल्याने बोट टोचलं की कुठलं ते लगेच सांगता येतं. दातांना ती चैन नाही. एक मात्र नक्की, दाताचं दुखणं सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. डाव्या दाढेचं दुखणं उजव्या गालात जाणवतंय असं कुणी म्हणालं तर मी दुसरं कारण शोधते.

पाऊलवाट यांच्या धाग्यात एक भर, आणि ही मला कळकळीने सांगायची आहे. न्युराल्जियाचे कितीतरी रुग्ण आधी आमच्याकडे येतात आणि "ही दाढ काढाच" म्हणून हटून बसतात. दुखण्यापुढे माणूस हतबल झालेला असतो, त्याचा दोष नाही. पण निरोगी दाढ काढून न्युराल्जिया जात नाही. एक काढली, कळ चालूच, मग शेजारची काढली, असे रुग्ण मी पाहिले आहेत.

ओळखायचं कसं? किडलेल्या किंवा सुजलेल्या दाताला थंड लावलं की दुखणं उठतं आणि मागे रेंगाळतं, दातावर टकटक केलं की कळ येते, रात्री आडवं झाल्यावर ठणका वाढतो. न्युराल्जियाची कळ सेकंदाच्या अंशापासून जास्तीत जास्त दोन मिनिटं टिकते, मध्ये पूर्ण शांतता असू शकते, आणि हिरडीला किंवा ओठाला नुसता स्पर्श पुरतो. पुष्कळांना एका कळीनंतर थोडा वेळ काही केलं तरी कळ येत नाही, तेवढ्यात ते घाईघाईने जेवून घेतात. हे कुणी सांगितलं की माझे कान टवकारतात.

उलटही होतं. दाताला केसाएवढी चीर असेल तर चावताना अशीच क्षणभर चमक मारते आणि एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. म्हणून दोन्ही बाजू तपासल्याशिवाय शिक्का मारू नये. २०२० पासून चेहरा आणि तोंडाच्या दुखण्यांचं स्वतंत्र आंतरराष्ट्रीय वर्गीकरण उपलब्ध आहे. त्यामुळे दंतवैद्य आणि न्यूरॉलॉजिस्ट निदान लिहिताना एकच भाषा बोलू शकतात, याचा रुग्णांना खूप फायदा होतो.

कवडसा

मी एमआरआयच्या क्षेत्रात आहे, तंत्राच्या बाजूने लिहितो. चेहऱ्याच्या वेदनेचा एफएमआरआय किती किचकट असतो, याची कल्पना बाहेरून येत नाही.

पहिली अडचण डोक्याची. रुग्णाचं डोकं पिंजऱ्यासारख्या कॉइलमध्ये असतं, आणि चटका द्यायचा गालावर. पायावर प्रोब (चटका देणारं छोटं उपकरण) बांधून मोकळं होता येतं, इथे कॉइल आणि गाल यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटं जागा. प्रोबमध्ये लोखंड चालत नाही. वेदना झाली की माणूस नकळत जबडा आवळतो, आणि जबडा आवळला की डोकं मिलिमीटरभर हलतं. ब्रेनस्टेममधली केंद्रं काही मिलिमीटरचीच असतात, त्यामुळे तेवढ्या हालचालीने माप वाया जातं. बोलून उत्तर देणं तर शक्यच नाही. किती दुखलं ते हातातल्या बटनांनी पडद्यावरची खूण सरकवून सांगायचं.

दुसरी अडचण नैसर्गिक. नाकामागच्या आणि गालातल्या सायनसमध्ये हवा असते. हवा आणि ऊतक जिथे भेटतात तिथे चुंबकीय क्षेत्र वेडंवाकडं होतं आणि नेमक्या त्याच भागातला संकेत गळतो. दातांतलं धातूचं भरण असेल तर आणखी भर. शिवाय ब्रेनस्टेम प्रत्येक ठोक्याबरोबर हलतो, म्हणून नाडी आणि श्वास वेगळे नोंदवून त्यांचा परिणाम गणिताने वजा करावा लागतो. जुन्या अभ्यासांत ब्रेनस्टेमबद्दल फार कमी लिहिलेलं दिसतं ते यामुळेच. वेदना तिथे होती, माप पोचत नव्हतं.

काही गटांनी प्रोबची कटकट टाळायला वेगळी युक्ती काढली. नाकपुडीत बारीक नळीतून क्षणभर अमोनिया वायू सोडायचा. नाकाच्या आतलं अस्तरही ट्रायजेमिनलच्याच ताब्यात आहे, त्यामुळे झणझणीत पण निरुपद्रवी कळ येते आणि तिची वेळ सेकंदाच्या हिशेबात ठरवता येते. हॅम्बर्गच्या लॉरा शुल्टे आणि आर्ने माय यांनी हे वापरून २०१६ मध्ये एक विलक्षण अभ्यास छापला. मायग्रेनच्या एकाच रुग्णाला ३० दिवस रोज स्कॅन केलं. त्या काळात तिला आपोआप तीन झटके आले. झटका सुरू होण्याच्या आदल्या दिवसभरात हायपोथॅलॅमस (झोप, भूक वगैरे सांभाळणारा मेंदूच्या तळाचा भाग) आणि स्पायनल ट्रायजेमिनल न्यूक्लिअस यांचा ताळमेळ बदललेला दिसला. डोकं दुखायच्या आधीच! एकाच व्यक्तीवरचा अभ्यास आहे हे खरं, पण एकाच मेंदूकडे इतके दिवस टक लावून बघितल्यामुळेच ते दिसलं. मला हा अभ्यास वाचून रात्री झोप आली नव्हती.

रानवारा

सगळं वाचलं. मग माझा सरळ प्रश्न. मेंदूत वेदना दिसते ना? मग ज्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही त्यांचा एफएमआरआय काढा आणि रिपोर्टच हातात द्या. नोकरीत, विम्यात, घरात, सगळीकडे तोंडं बंद होतील. माझ्या भावाला अपघातानंतर जबड्यात सतत जळजळ होते आणि त्याला सरळ सरळ खोटारडा ठरवलंय. असं मशीन आहे आणि वापरत नाहीत, याचाच मला राग येतो.

पाऊलवाट

@रानवारा, तुमचा राग मला पूर्ण समजतो. मीही याच आशेने वाचायला सुरुवात केली होती. तरीही ही मागणी करू नये असं माझं मत आहे, आणि कारण तुमच्या भावाच्याच हिताचं आहे.

२०१३ मध्ये टोर वेगर यांच्या गटाने न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये वेदनेचा एक मेंदूवरचा ठसा मांडला. चटका लागलाय की नुसतं कोमट लागलंय, हे त्यावरून ९४ टक्के किंवा त्याहून जास्त अचूकतेने ओळखता आलं. पण ही निरोगी माणसं होती आणि वेदना प्रयोगशाळेत दिलेली, काही सेकंदांची होती. वर्षभर जळणाऱ्या जबड्याचं चित्र असं लख्ख येत नाही. दीर्घकाळच्या दुखण्यात मेंदूचा नेहमीचा पायाच बदललेला असतो, आणि एफएमआरआय मोजतो तो दोन अवस्थांमधला फरक. सतत दुखत असेल तर तुलना कशाशी करायची?

दुसरी बाजू. २०१६ मध्ये जन्मतःच वेदना न जाणवणाऱ्या दोन व्यक्तींवरचा अभ्यास आला. त्यांना टोचल्यावरही इन्सुला, सिंग्युलेट वगैरे "वेदनेचे भाग" इतरांसारखेच उजळले. म्हणजे त्या भागांमधली हालचाल ही मोठ्या प्रमाणात "लक्ष दे, काहीतरी घडतंय" अशी असते. भाग उजळला म्हणून वेदना सिद्ध होत नाही, आणि उजळला नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. उद्या असा रिपोर्ट पुरावा म्हणून चालू झाला आणि तुमच्या भावाचा "साधा" आला, तर त्याच्यापाशी जे उरलंय, म्हणजे त्याचा शब्द, तेही जाईल. २०१७ मध्ये वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने, कॅरन डेव्हिस यांच्या पुढाकाराने, हेच सांगितलं : मेंदूच्या चित्रांचा वापर कुणाच्या वेदनेच्या खरेखोटेपणाचा निवाडा करण्यासाठी करू नये.

अभ्यासातले निष्कर्ष माणसांच्या गटांचे असतात. सिडनीच्या सिल्व्हिया गस्टिन आणि ल्यूक हेंडरसन यांच्या २०११ च्या कामात ट्रायजेमिनल नसेला इजा होऊन दुखणाऱ्यांमध्ये थॅलॅमसचा आकार घटलेला दिसला, पण जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यात तसा बदल नव्हता. दोघांचं दुखणं तितकंच खरं! तुमच्या भावासाठी मला यातून एवढंच घेता येतं, की नसेच्या इजेचं दुखणं आणि स्नायू-सांध्याचं दुखणं मेंदूत वेगळी वाट धरतात. त्यामुळे त्याची जळजळ नेमकी कुठल्या प्रकारची आहे हे नीट तपासून घेणं उपचारासाठी फार मोलाचं आहे. जळजळ होते त्या जागी त्वचा बधिर आहे का, हलक्या स्पर्शाने दुखतं का, याची साधी तपासणी कापसाने आणि टोकदार काडीनेही होते.

कवडसा

+१. आणि तांत्रिक मुद्दा : एकाच माणसाला दोन वेगळ्या दिवशी स्कॅन केलं तरी आकडे हलतात. गटाच्या सरासरीत हे झाकलं जातं, एका माणसाच्या रिपोर्टमध्ये झाकलं जाणार नाही.

शांतरंग

पहिल्यांदाच इथे लिहितोय. मी उजव्या बाजूच्या न्युराल्जियाचा रुग्ण होतो. होतो असं लिहिताना अजूनही धीर होत नाही.

कार्बामाझेपिन या न्युराल्जियावरच्या औषधाने सुरुवातीला खूप फरक पडला. नंतर डोस वाढवत न्यावा लागला आणि दिवसभर डोकं जड, पाय लटपटणारे, शब्द आठवायचे नाहीत. रक्तातलं सोडियम खाली गेलं. दाढी करणं बंद केलं होतं, उजवीकडून चावणं बंद, पंख्याखाली झोपणं बंद. शेवटी नस आणि धमनी वेगळी करण्याची शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट केली ती जिभेने उजवी हिरडी चाचपून पाहिली. काही झालं नाही.

प्रश्न असा आहे. कळ गेली, पण वारा आला की मी अजूनही मान वळवतो. चेहरा धुताना उजवा गाल शेवटी. मेंदू कायमचा बिघडलाय का? का हे परत पूर्ववत होतं?

पाऊलवाट

@शांतरंग, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या प्रश्नावर चांगली बातमी आहे.

वर ज्या टोरोंटोच्या गटाबद्दल लिहिलं, त्यांनीच २०१५ मध्ये शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर तपासणी केली. ज्यांचं दुखणं उपचाराने खरोखर थांबलं, त्यांच्यात नसेच्या सूक्ष्म रचनेतला बिघाड आणि इन्सुलाच्या पुढच्या भागाच्या जाडीतला बदल बऱ्याच अंशी सामान्य माणसांसारखा झाला. मला हा निष्कर्ष फार मोठा वाटतो. त्या बदलांपैकी निदान काही भाग दुखण्यामुळे आलेला होता आणि दुखणं थांबल्यावर मागे सरकला.

तुमच्या मान वळवण्याबद्दलही एक अभ्यास आहे. फ्रान्समध्ये झेवियर म्वासे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये न्युराल्जियाच्या १५ रुग्णांच्या नेमक्या त्या चेतवणाऱ्या जागेला स्पर्श करून स्कॅन केले. कळ न येताही नुसत्या स्पर्शाने मेंदूतलं जवळजवळ सगळं जाळं पेटलं, स्पायनल न्यूक्लिअसपासून थॅलॅमस, सिंग्युलेट, इन्सुला आणि हालचालीची तयारी करणाऱ्या भागांपर्यंत. यशस्वी शस्त्रक्रियेनंतर त्याच स्पर्शाला फक्त संवेदनक्षेत्रांनी प्रतिसाद दिला. स्पर्श पुन्हा नुसता स्पर्श झाला. तुमची मान वळते ती सवय आहे, इतकी वर्षं तिनेच तुम्हाला वाचवलं. तिला थोडा वेळ द्या.

दवबिंदू

शांतरंग, तुमचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. इतरांसाठी : कार्बामाझेपिन मनाने एकदम बंद करू नये आणि सुरू करण्याआधी व सुरू असताना रक्ततपासण्या टाळू नयेत. सोडियम आणि रक्तपेशी बघाव्या लागतात. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये त्वचेची गंभीर प्रतिक्रिया येण्याचा धोका सांगणारी एक जनुकीय चाचणीही असते, तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

सांजवेळ

माझ्या मोठ्या बहिणीला गालात आणि हिरडीत सतत बोथट दुखतं, कळा नाहीत. सगळ्या तपासण्या झाल्या, दात निरोगी, एमआरआय नॉर्मल. डॉक्टरांनी अॅमिट्रिप्टिलिन दिलं. ताईने माहितीपत्रक वाचलं, त्यावर नैराश्याचं औषध असं लिहिलेलं. तेव्हापासून ती रडतेय की "म्हणजे यांनाही मी वेडीच वाटते". गोळ्या तशाच पडून आहेत. तिला काय सांगू?

पाऊलवाट

@सांजवेळ, ताईंना सांगा की हे औषध वेदनेसाठीच दिलंय. वर मी फक्त चढणारी वाट लिहिली, उतरणारी राहून गेली होती. तुमच्या प्रश्नामुळे ती लिहायची संधी मिळाली.

मेंदू वेदनेचा संदेश नुसता ऐकून घेत नाही, तो किती आत येऊ द्यायचा हेही ठरवतो. मिडब्रेनमध्ये, म्हणजे ब्रेनस्टेमच्या वरच्या टोकाला, पेरिअॅक्विडक्टल ग्रे नावाचा भाग आहे. तिथून खालच्या ब्रेनस्टेममधल्या केंद्रांमार्फत स्पायनल ट्रायजेमिनल न्यूक्लिअसपर्यंत तंतू उतरतात आणि येणारे संदेश दाबतात किंवा वाढवतात. या कामात सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनलिन ही रसायनं लागतात. अॅमिट्रिप्टिलिन नेमकी तीच रसायनं जास्त काळ टिकवतं. वेदनेसाठी दिलेला डोस नैराश्याच्या डोसापेक्षा सहसा बराच कमी असतो, आणि नैराश्य अजिबात नसलेल्या माणसांनाही त्याचा उपयोग होतो. सुरुवातीला झोप आणि तोंडाला कोरड येते, ते डॉक्टरांशी बोलून जमवता येतं.

शरीराचं स्वतःचं वेदनाशामकही याच यंत्रणेत आहे. मिशिगनमध्ये डासिल्व्हा यांच्या गटाने पेट स्कॅन (किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचून घेतलेलं चित्र) करून पाहिलं, तेव्हा ट्रायजेमिनल नसेच्या दुखण्याच्या रुग्णांत न्यूक्लिअस अॅक्युम्बेन्स या मेंदूच्या आतल्या भागात ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे ही वेदनाशामकं जिथे चिकटतात त्या जागा, कमी मोकळे आढळले. याचे दोन अर्थ निघतात. शरीर स्वतःची ओपिऑइड सतत सोडतंय म्हणून ते व्यापलेले, किंवा इतकं दुखून दुखून ते घटलेले. दोन्ही अर्थांत मेंदू दुखण्याशी झगडतोय, हे उघड आहे.

रानवारा

पण मग अपेक्षेने वेदना कमीजास्त होते म्हणतात, ते मनाचे खेळ नाहीत का? भावाला हेच सांगतात सगळे, "मन घट्ट कर".

पाऊलवाट

अपेक्षेचा परिणाम होतो, आणि तो मोजलेला आहे. २०११ मध्ये उलरिके बिंगेल आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना चटके देत रेमिफेंटानिल हे जोरदार वेदनाशामक शिरेतून दिलं. औषध चालू आहे असं सांगितल्यावर त्याचा परिणाम न सांगता दिलेल्या औषधाच्या दुप्पट झाला. औषध चालू असतानाच "आता बंद केलंय, दुखणं वाढेल" असं सांगितलं तर परिणाम जवळजवळ पुसला गेला. मेंदूतले बदलही त्याप्रमाणे दिसले. औषध तेच, मात्रा तीच.

यातून मी उलट निष्कर्ष काढते. भावाला "मन घट्ट कर" सांगणाऱ्यांनी स्वतःचं बोलणं तपासावं. आजारी माणसाच्या आजूबाजूचे लोक काय बोलतात, डॉक्टर गोळी देताना काय सांगतात, हे उतरणाऱ्या वाटेपर्यंत पोचतं. माणसाला खोटारडा म्हटल्यावर त्याची वेदना वाढली, तर ती त्याची कमजोरी नव्हे.

सांजवेळ

ताईला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, उतरणाऱ्या वाटेचं परत वाच. आज रात्रीपासून गोळी घेणार आहे. अजून एक विचारते : पुढच्या भेटीत एफएमआरआयचा आग्रह धरायचा का?

कवडसा

नको. तो संशोधनासाठी आहे, ताईंच्या उपचारात त्याने काही बदलणार नाही. साधा एमआरआय झालाय म्हणता, तर तो कुठल्या पद्धतीने झाला ते विचारा. ट्रायजेमिनल नस बघायची असेल तर अगदी पातळ काप घेणारी खास मालिका लागते, त्यात पाण्याच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर नस आणि रक्तवाहिनी काळ्या रेघांसारख्या दिसतात. नेहमीच्या मालिकेत त्या सुटून जाऊ शकतात. अर्थात नसेला रक्तवाहिनी टेकलेली दिसली म्हणून लगेच तेच कारण असंही धरू नका, निरोगी लोकांतही ती टेकलेली सापडते. मुळाशीच टेकली आहे का, नस वाकली किंवा बारीक झाली आहे का, हे रेडिओलॉजिस्टला नेमकं विचारावं लागतं.

दवबिंदू

आणि ताईंना एक वही करायला सांगा. दुखणं सतत आहे की येतंजातं, किती वेळ टिकतं, कशाने सुरू होतं, चेहऱ्याच्या नेमक्या कुठल्या भागात, त्या जागी बधिरपणा आहे का, झोपेतून जाग येते का. चेहऱ्याची रेखाकृती काढून त्यावर खुणा केल्या तर उत्तम. माझ्याकडे असं कुणी लिहून आणलं की पहिल्या दहा मिनिटांत निम्मी शक्यता बाजूला पडते.